चार मिनिटं, अकरा सेकंद

कार्व्हर बेंड, आर्कान्सॉ
रविवार, ८ जानेवारी १९५६

थॅड,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. बुधवार, १२ ऑक्टोबर १९५५. आईचा साठावा वाढदिवस.
२. दुपारी ४:१६ ला निवेदक क्लेट स्टुडिओत नव्हता. जत्रेच्या मिरवणुकीत, कापूसराणीच्या गाडीमागे अडकला होता.
३. ४:१७ ला रेकॉर्ड संपली. तू माइक उघडलास.
४. ४ वाजून १७ मिनिटं ४० सेकंदांनी ट्रान्समीटर बंद पडला. कारण : अतिभार.
५. ४ वाजून २१ मिनिटं ५१ सेकंदांनी तू माइक बंद केलास. मधल्या ४ मिनिटं ११ सेकंदांत तुझा आवाज हवेत गेला नाही.
६. ४:२२ ला ट्रान्समीटर पुन्हा चालू.
७. स्टुडिओतल्या हेडफोनला आवाज थेट माइकच्या तारेवरून मिळतो, हवेतून नाही. म्हणून आपण बंद आहोत हे तुला कळलं नाही. ही जोडणी सप्टेंबरमध्ये मी केली होती.
८. सहा वाजता तू सायकलने बांधावर, माझ्या ट्रान्समीटरच्या खोलीत आलास. मी तुला काही सांगितलं नाही.
९. साडेसातला घरी आईच्या बोलण्यातून तुला कळलं. केक कापला नाही.
१०. गुरुवारी सकाळी स्टेशनचा मालक मिस्टर हॅस्केटने तुला काढलं. दुपारच्या बसने तू गेलास.

हे तुला माहीत आहे. पुढे जे लिहायचं आहे त्याला आधार असावा म्हणून लिहिलं.

ऑक्टोबरपासून मी तुला तीन पत्रं पाठवली. तिन्ही न फोडता परत आली. म्हणून या पाकिटावर शेजारच्या मिस ओडेसाचं नाव आहे. तिला विचारूनच घातलं. ती म्हणाली, “घाल की. माझं पत्र परत पाठवायची त्याची टाप नाही. त्याची लंगोटी मी बदललीय.” शिकागोत थंडी मरणाची असते, कान झाकत जा, हेही तिने लिहायला सांगितलं आहे.

आईचं हृदय कमजोर झालं आहे. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगपासून पाय सुजतात. आता सूज गुडघ्यांच्या वर आली आहे. डॉक्टर दर सोमवारी येतात. गेल्या सोमवारी ते म्हणाले, “वसंतापर्यंत.” वसंत म्हणजे कोणता महिना, असं मी विचारलं. त्यांनी मार्च सांगितला. कोट चढवताना फेब्रुवारीअखेर म्हणाले.

इस्त्री बंद आहे. इस्त्रीची फळी मी तिच्या पलंगाशी ओढून ठेवली आहे आणि तिच्यावर रेडिओ ठेवला आहे. चारचा कार्यक्रम ती अजून ऐकते. क्लेट अजून तुझेच शब्द वापरतो. आई म्हणते, “पोरगं शिळं वाढतंय.”

व्हर्लीन

*

गुरुवार, १९ जानेवारी १९५६

थॅड,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर तीन ओळी आहेत : “कलम चार खोटं. तुझा रिले तीनदा आपोआप परत लागतो, तूच शिकवलंस. कुणाला बनवतेस, इंजिनियरबाई?”

तुझं बरोबर आहे. अतिभार झाला तर ट्रान्समीटर सुटतो आणि तीनदा स्वतःहून उठतो. तो उठला नाही, कारण त्याला काही झालंच नव्हतं. मी मोठा खटका हाताने खाली ओढला. नोंदवहीत मात्र ‘अतिभार’ लिहिलं. सैन्यातली तीन वर्षं आणि इथली दोन, एवढ्यात मी खोटी लिहिलेली ती एकच नोंद.

का ओढला, ते लिहिते.

गेल्या उन्हाळ्यापासूनचं आठव. जूनमध्ये मिस्टर हॅस्केटने स्टेशनच्या गाडीवरचं जुनं नाव खरवडलं आणि लाल रंगात ‘रॉक अँड रोल’ रंगवून घेतलं. रेकॉर्डी त्याच होत्या. दर शनिवारी मेंफिसला जाऊन ज्यूकबॉक्सवाल्याकडून तू उचलून आणायचास त्याच. तू त्या खिडकीपाशी तिरप्या धरायचास आणि ज्यांच्या खाचा घासून राखाडी झाल्या असतील त्या बाजूला काढायचास. “लोकांनी नाचून नाचून झिजवलीय, आणखी काय पुरावा हवा?” ही गाणी आपल्या वस्तीत वाजत होती तेव्हा त्यांना दुसरं नाव होतं आणि त्या नावाने ती स्टेशनवर लावायला बंदी होती. नवं नाव आलं आणि शाळा सुटल्यावर गोरी पोरं गाड्यांच्या काचा खाली करून ऐकू लागली. गाणं तेच, खाचही तीच.

बोलायला मात्र क्लेट, कारण तो गोरा. तू लिहायचास, तो म्हणायचा. तू काचेपलीकडून ओठ हलवून दाखवायचास आणि तो तुझ्या ओठांकडे बघत बोलायचा.

“थॅड, हे ‘कडक’ कसं म्हणायचं रे?”

“जीभ पोळल्यासारखं म्हण, क्लेट. आणि मग थांब. पाणी पिऊ नकोस लगेच.”

ऑगस्टपर्यंत तो इतका तुझ्यासारखा बोलायला लागला की मिस ओडेसाने एकदा रेडिओला उत्तर दिलं होतं.

आता त्या बुधवारची सकाळ. मी ट्रान्समीटरचा नवा व्हॉल्व्ह न्यायला स्टुडिओत आले होते. मिस्टर हॅस्केट निळी पेन्सिल घेऊन तुझा कागद तपासत होता.

“हे काय, थॅड? मिसेस ओफिलिया स्ट्रिकलंड?”

“माझी आई, साहेब. आज साठ पूर्ण होतायत.”

“अरे वा! मग क्लेट म्हणेल की, ओफिलिया आंटीला शुभेच्छा. सगळं गाव तिला आंटीच म्हणतं. माझे शर्ट वीस वर्षं तिच्याच हातचे आहेत.” आणि त्याने ‘मिसेस’वर रेघ ओढली. रागाने नाही. स्पेलिंग दुरुस्त करावं तशी.

“होय साहेब,” तू म्हणालास. तू हसलासही. मी व्हॉल्व्हच्या खोक्यावरचा क्रमांक वाचत होते.

बाहेर आल्यावर तू मला म्हणालास, “या गावात मिसेस व्हायला नुसतं लग्न करून भागत नाही, व्हर्ल. गोरंही असावं लागतं.”

दुपारी तू माइक उघडलास तेव्हा पहिल्या वाक्यापासून मला कळलं होतं की हा तू आहेस. “चार वाजून सतरा, सोडा सगळा पसारा! गिरणीतले, दुकानातले, शाळेतून पळालेले, सगळे सरका, पाय हलवायला जागा करा!” मी बंद केलं नाही. बाकी कुणाला कळण्यासारखं नव्हतं. क्लेट तुझी नक्कल इतकी चांगली करायचा की त्या चाळीस सेकंदांत तूच क्लेटची नक्कल करतोयस असं वाटावं. मी आवाजाच्या पातळीचा काटा बघत बसले आणि तू घसरणार नाहीस अशी आशा केली.

मग तू म्हणालास, “आणि आज साठ वर्षांच्या झालेल्या मिसेस...”

मी खटका ओढला.

ऑगस्टमध्ये नदीपलीकडे एका गोऱ्या बाईशी बोलला म्हणून आपल्यातल्या चौदा वर्षांच्या पोराला मारून टाकलं, ते तेव्हा दोन महिन्यांचंही जुनं नव्हतं. जत्रेमुळे रस्त्यावर चारशे गोरे होते आणि निम्म्यांच्या गाड्यांत आपलं स्टेशन लागलेलं होतं. कोण बोलतंय हे त्यांना त्या एका नावावरून कळलं असतं. स्टुडिओला कुलूप नव्हतं. मला तुझी भीती वाटली. हे कारण.

सहा वाजता तू दारात सायकल फेकलीस. “ऐकलंस? खरं सांग, ऐकलंस?”

“ऐकलं.” ते खोटं नव्हतं.

“कसं होतं?”

“पातळी थोडी जास्त होती.”

तू हसून हसून खाली बसलास. “देव विचारेल, आयुष्य कसं गेलं, तर ही सांगेल पातळी थोडी जास्त होती!” मग माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि केक आणायला गेलास.

तेव्हा सांगायला हवं होतं. तुझा चेहरा पाहिला आणि नाही सांगितलं.

व्हर्लीन

*

रविवार, २९ जानेवारी १९५६

थॅड,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणून पुढे लिहिते.

डॉक्टरांनी आईला मीठ बंद केलं आहे. मिस ओडेसा खारवलेलं हॅम चोरून आणते. मी बघितलं तर म्हणते, “हॅमचा वास घेतल्याने कोण मेलंय?” वास घेऊन झाल्यावर बशी रिकामी असते.

मंगळवारी आई उशीला टेकून बसली होती. क्लेटचा कार्यक्रम संपला होता. तिने रेडिओ बंद केला आणि विचारलं, “व्हर्ल, त्या दिवशी तो मिसेस कुणाला म्हणत होता गं?”

हे तिने तुलाही विचारलं होतं. त्या बुधवारी, तू केक घेऊन आत आलास तेव्हा. मी पोचले तेव्हा तू टेबलापाशी उभा होतास आणि ती म्हणत होती, “मधेच बंद पडला रे तो डबा. तुझा आवाज होता ना? क्लेट कितीही करो, माझं पोरगं मला कळतं. मिसेस म्हणालास, आणि मग नुसती खरखर. कुणाला म्हणत होतास?” तू माझ्याकडे पाहिलंस. सुरी खाली ठेवलीस.

आता ती मला विचारत होती.

“तेव्हा बंद पडलं होतं, आई.”

“ते मलाही माहितीय. पण तू तिथे होतीस.”

“होते.”

“मग?”

कॉफीचं पाणी बघते म्हणून मी उठले. स्टोव्हवर काही ठेवलेलं नव्हतं. तिला तिथून ते दिसतं.

एक गोष्ट मी पहिल्या दोन पत्रांत लिहिली नाही. आज लिहिते.

दर बुधवारी जाहिरात देणाऱ्या पिठाच्या कंपनीला पुरावा म्हणून चारचा कार्यक्रम तबकडीवर कापून पाठवावा लागतो. कापायचं यंत्र माझ्याच खोलीत आहे आणि ते स्टुडिओतून येणाऱ्या तारेला जोडलेलं आहे. मी बंद केला तो ट्रान्समीटर. तार चालू होती. सुई कापत राहिली. हेडफोन माझ्या कानावर होता. ती चार मिनिटं अकरा सेकंद एका माणसाने ऐकली आणि एका तबकडीने.

कंपनीला मी कळवलं की त्या बुधवारची तबकडी खराब निघाली. हे दुसरं खोटं.

ती तबकडी सोळा इंची आहे. ट्रान्समीटरमागच्या कपाटात, उभी ठेवली आहे. दुकानातल्या रेकॉर्डसारखी ती कडक नसते. वरचा लेप मऊ असतो. दर वेळी वाजवताना सुई थोडा आवाज खरवडून नेते. बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात. सकार सगळ्यात आधी. ‘मिसेस’मध्ये ते दोन आहेत.

तुझ्या ज्यूकबॉक्सच्या रेकॉर्डी झिजलेल्या होत्या म्हणून तू त्या निवडायचास. ही झिजू नये म्हणून मी आजवर एकदाच वाजवली. गुरुवारी, १३ ऑक्टोबरला, दुपारी. पुलावरून तुझी बस जाताना दिसली, त्यानंतर.

व्हर्लीन

*

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९५६

थॅड,

परवा, रविवारी, चर्चहून आल्यावर मी आईला सांगितलं. मिस ओडेसा समोर होती. तिला बाहेर जायला सांगावं असा विचार केला होता, पण तिने खुर्ची ओढून घेतली.

मी कलमवार सांगितलं. शेवटी आई म्हणाली, “हाताने?”

“हाताने.”

“कुठल्या?”

मी उजवा पुढे केला. तिने तो धरला आणि उलटा करून पाहिला. तिच्या अंगठ्यावर इस्त्रीचा जुना डाग आहे, तो माझ्या तळव्याला लागत होता. ती रागावेल असं मी धरून चालले होते. ती म्हणाली, “थंड पडलाय गं तुझा हात.” आणि पांघरुणाखाली घेतला.

मिस ओडेसा मात्र रागावली. “सख्खी बहीण! परक्याने केलं असतं तर मी त्याची चाकं फोडली असती. हिची तर सायकलसुद्धा नाही.”

मी आईला म्हटलं, तो काय म्हणाला ते मी सांगते, मला पाठ आहे.

“तू नको सांगू,” आई म्हणाली. “तुझ्या तोंडून नको.”

मी म्हटलं, मग त्या तबकडीची लहान प्रत कापते. मिस ओडेसाचा फोनोग्राफ इथे आणून पलंगाशी लावता येईल.

“म्हणजे दार लावून ऐकायचं?”

“दार लावायलाच हवं असं नाही.”

“हवंच. दार लावून तर तुझा बापही मला मिसेस म्हणायचा. जेवण उशिरा झालं की. थॅडने ते गावाला सांगायला घेतलं होतं. गावाला ऐकू दे. मी पण गावाबरोबरच ऐकेन, या डब्यातून.”

“आणि हॅस्केट?” मिस ओडेसाने विचारलं.

“त्याचे शर्ट मी वीस वर्षं केलेत,” आई म्हणाली. “ऐकेल तोही.”

म्हणून हे पत्र. पण आधी दुसऱ्या पत्रातली एक दुरुस्ती.

मी लिहिलं होतं की मला तुझी भीती वाटली. भीती वाटली हे खरं. पण ती नंतर वाटली. ‘मिसेस’ हा शब्द आणि माझा हात यांच्यात किती वेळ गेला, ते तबकडीवरून मोजता येतं. खटका पडला की तारेत एक टक्‌ असा आवाज येतो, तोही कापला गेला आहे. मी तबकडी हाताने फिरवून त्या दोन जागांमधला फेरा मोजला. पाऊण सेकंदही नाही. पाऊण सेकंदात चारशे माणसं, त्यांच्या गाड्या आणि नदीपलीकडची बातमी डोक्यात येत नाही. त्या वेळी मी समोर बघत होते. समोर भिंतीवर माझं लायसन्स आहे. नियमाप्रमाणे ते ट्रान्समीटरशेजारी दिसेल असं टांगावं लागतं. पहिला दर्जा, व्हर्लीन स्ट्रिकलंड, आणि माझी सही. या जिल्ह्यात ते आणखी दोघांकडेच आहे, आणि दोघेही गोरे पुरुष. मला तो कागद दिसला आणि हात खाली गेला. तुझं नाव मनात आलंच नाही. आईचंही नाही.

हे मला त्या बुधवारी, खटका ओढला तेव्हापासून माहीत होतं.

आता तबकडीवर काय आहे ते. आईने ऐकायला नकार दिला, पण तू काय बोललास ते तुझ्यासमोर लिहिलेलं असायला हवं. तू घाईत होतास, तुला सगळं आठवत नसेल.

तू म्हणालास, “...मिसेस ओफिलिया स्ट्रिकलंड. पुन्हा सांगतो, कारण हे नाव या रेडिओवर पहिल्यांदाच नीट घेतलं जातंय. मिसेस ओफिलिया स्ट्रिकलंड.” मग तू गाणं लावलं नाहीस. नावं घ्यायला लागलास. मिस ओडेसा क्रेन. मिस्टर हॉलिस ट्रॉटर, ज्यांच्या कात्रीखालून अर्धं गाव गेलंय. मिसेस बर्डी ट्रॉटर, ज्या मिस्टर हॉलिसना कात्री लावतात. आपल्या गल्लीचं पहिलं घर, मग दुसरं, मग चर्चचा कोपरा, मग गिरणीमागची रांग. एकूण एकतीस नावं. प्रत्येकामागे एक थट्टा. एकालाही तू अंकल किंवा आंटी म्हणाला नाहीस. तू चालत चालत दारं वाजवतोयस असं वाटत होतं. त्या सगळ्या घरांत तेव्हा खरखर ऐकू येत होती.

शेवटची वीस सेकंदं मी तशीच उतरवते :

“आणि आता एकतिसावं. बांधावरच्या पत्र्याच्या खोलीत एक बाई बसलीय. तुम्ही तिला कधी ऐकलं नाही, ऐकणारही नाही, कारण ती बोलतच नाही, नुसते काटे बघते. पण आत्ता माझा आवाज तुमच्या घरात येतोय तो तिने हात दिलाय म्हणून. आपली इंजिनियर. मिस व्हर्लीन स्ट्रिकलंड. व्हर्ल, आज पातळी कशी आहे गं?”

त्यानंतर दार उघडल्याचा आवाज, क्लेटचं “थॅड, अरे देवा!” आणि तू माइक बंद करतोस.

सहा वाजता तू मला विचारलंस, कसं होतं. मी तुझ्या या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, थॅड. दुसरं काही मला देता आलं नाही.

आता पुढचं.

काल सकाळी मी नोंदवही काढली. १२ ऑक्टोबरच्या पानावर ‘अतिभार’वर एक सरळ रेघ ओढली, शब्द खाली वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, ‘प्रसारण ऑपरेटरने हाताने बंद केलं, विनाकारण’, कालची तारीख आणि आद्याक्षरं. दुरुस्ती अशीच करायची असते. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा येतो. आला की ते पान बघेल. त्यानंतर लायसन्सचं काय करायचं ते तो ठरवेल.

बुधवार, २२ फेब्रुवारी, दुपारी ४:१७. मी स्टुडिओची तार काढून माझ्या खोलीतला टर्नटेबल लावीन. तार तुटली तर वापरायला तो ठेवलेला असतो. ध्वनिमुद्रित कार्यक्रम असला की तसं आधी जाहीर करावं लागतं. तिथे आणीबाणीसाठी एक माइक आहे. त्यावरून मी एवढंच म्हणेन : “हे ध्वनिमुद्रण १२ ऑक्टोबरचं आहे. बोलत आहेत मिस्टर थॅडियस स्ट्रिकलंड.” मग सुरुवातीपासून, पहिल्या चाळीस सेकंदांसकट, तबकडी लावीन. संपेपर्यंत खटक्याला हात लावणार नाही. स्टुडिओतून बांधावर यायला गाडीने नऊ मिनिटं लागतात, म्हणजे हॅस्केटला वेळ पुरणार नाही. नंतर ते मला काढतील. माझ्या वस्तू मी आधीच घरी आणल्या आहेत.

आईचं घर याच गावात आहे, तिथे कुणी चालून येऊ शकतं, हे मी धरलं आहे. त्या आठवड्यात मिस ओडेसाचे दोन भाचे आमच्याकडे राहतील. माझ्याखेरीज बाकी तीसही जणांना विचारून झालं. मिस्टर हॉलिस म्हणाले, त्यांच्या बायकोवरची थट्टा तेवढी गाळता येईल का. तबकडीतून काही गाळता येत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “मग असू दे. तिला माहितीच आहे.”

तुझं विचारायचं राहिलं आहे.

आवाज तुझा आहे. मागच्या वेळी त्याचं काय करायचं ते मी एकटीने ठरवलं. या वेळी तू हो म्हटलंस तर वाजवीन, नाही म्हटलंस तर तबकडी जशी आहे तशी तुझ्या पत्त्यावर पाठवीन. उत्तर आलं नाही तर मी ते ‘नाही’ धरीन, आणि आईला तसं सांगेन.

तू यावंस, वाजेल तेव्हा तिच्या पलंगाशी बसलेला असावास, असं मला वाटतं. त्याला अट नाही, म्हणून वेगळं लिहिलं. मी तेव्हा बांधावर असेन. तुला माझ्यासमोर यावं लागणार नाही.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरचं आता धरू नका.

शिकागोहून टपालाला दोन दिवस लागतात. शनिवार, १८ फेब्रुवारीपर्यंत मला उत्तर मिळेल असं पाठव. हो किंवा नाही, एक शब्द पुरे.

व्हर्लीन